बर्फाचा वाद, चिखलाची साक्ष

वीस हजार वर्षांपूर्वी सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर काय होतं? विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या प्रश्नाला दोन उत्तरं होती, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असणं शक्य नव्हतं.

पहिलं उत्तर बर्फाचं. 1981 साली जॉर्ज डेंटन आणि टेरेन्स ह्यूज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 'द लास्ट ग्रेट आइस शीट्स' नावाचा जाडजूड ग्रंथ संपादित केला. त्यातल्या कमाल हिमविस्ताराच्या नकाशात ब्रिटनपासून थेट पूर्व सायबेरियापर्यंत सलग पांढरा रंग फासलेला होता. सोव्हिएत हिमशास्त्रज्ञ मिखाईल ग्रोसवाल्द हेच मत मोठ्या हिरिरीने मांडत. दुसरं उत्तर गवताचं. त्या मताप्रमाणे तिथे कोरडा, गारठलेला, वाऱ्याने झोडपलेला माळ होता आणि त्यावर मॅमथ चरत होते. एका नकाशात किलोमीटरभर जाडीचा बर्फ आणि दुसऱ्यात हत्तीच्या चुलतभावांचे कळप, तेही एकाच जागी, एकाच काळात.

हा वाद शेवटी चिखलाने सोडवला. तो अर्धाच सुटला असं पुढे निघालं, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी जागा समजून घेऊ. रशियाच्या माथ्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बॅरेंट्स, कारा, लॅप्टेव्ह आणि पूर्व सायबेरियन असे चार समुद्र ओळीने पसरले आहेत. बॅरेंट्स सरासरी दोनशे-सव्वादोनशे मीटर खोल आहे, बाकीचे त्याहून बरेच उथळ. लॅप्टेव्हचा अर्ध्याहून अधिक भाग तर 50 मीटरपेक्षाही कमी खोलीचा. म्हणजे हे खरे महासागर नव्हेतच, पाण्याखाली गेलेलं सायबेरियाचं मैदान आहे ते. आर्क्टिक महासागराचं जवळपास निम्मं क्षेत्रफळ अशा समुद्रबूड जमिनीचं आहे. इतकी रुंद समुद्रबूड जमीन पृथ्वीवर दुसरीकडे नाही.

आणि या उथळ पाण्यात नद्या किती ओतल्या जातात! जगातल्या समुद्रांच्या एकूण पाण्यापैकी जेमतेम 1 टक्का आर्क्टिक महासागरात आहे, पण जगातल्या नद्यांचं सुमारे 10 टक्के पाणी त्यात येऊन पडतं. एकटी येनिसे वर्षाला सहाशे घनकिलोमीटरहून अधिक पाणी आणते. आपल्या गोदावरीचं वर्षाचं पाणी 110 घनकिलोमीटरच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. येनिसेच्या जोडीला ओब आणि लीना आहेतच. तिन्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात, त्यामुळे त्यांचा पूरही उलट्या तऱ्हेचा. दक्षिणेत वसंत आला की वरच्या अंगाचा बर्फ वितळतो आणि पाणी निघतं, पण खाली मुखाशी नदी अजून गोठलेलीच असते. मग बर्फाचे तराफे एकमेकांवर चढतात, नदी तुंबते, फुगते आणि एके दिवशी सगळं फोडून निघते. लीनेचं वर्षाचं एक तृतीयांशाहून अधिक पाणी एकट्या जून महिन्यात वाहून जातं.

गाळ मात्र त्या मानाने फार थोडा. ओब वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास गाळ आणते, तर तिच्याहून मोठी येनिसे, वाटेतल्या धरणांमुळे, 50 लाख टनांच्या आगेमागे. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ यांच्या कित्येक पट आहे. वर्षातले सात-आठ महिने जमीन गोठलेली, उतार नावापुरता आणि वाटेत अफाट दलदली, तर गाळ येणार कुठून? जो येतो त्यातलाही बहुतांश खोल समुद्रापर्यंत पोहोचत नाही. गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. खारं पाणी लागलं की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. अलेक्झांडर लिसित्सिन या रशियन समुद्रशास्त्रज्ञाने नदी आणि समुद्र यांच्यामधल्या या पट्ट्याला गाळणी म्हटलं. नदीचा सुमारे नव्वद टक्के गाळ या गाळणीत अडकतो.

आता वीस हजार वर्षं मागे जाऊ. जगभरचं पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर साठलेलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. लॅप्टेव्ह आणि पूर्व सायबेरियन समुद्र जवळजवळ पूर्णपणे कोरडे पडलेले. किनारा शेकडो किलोमीटर उत्तरेला सरकलेला. प्रश्न एवढाच की त्या उघड्या पडलेल्या मैदानावर बर्फ चढला होता की नव्हता.

बर्फ चढला होता असं मानणाऱ्यांकडे पुरावा नव्हता असं नाही. पेचोरा नदीचं खोरं, यामाल द्वीपकल्प, तैमिर, सगळीकडे हिमोढ पसरले आहेत, म्हणजे हिमनदीने ढकलत आणून टाकलेले दगडमातीचे बांध. त्यांची ठेवण एक विलक्षण गोष्ट सांगते. बर्फ दक्षिणेच्या डोंगरांवरून उतरला नव्हता, तो उत्तरेकडून, समुद्राच्या बाजूने जमिनीवर चढला होता. हिमनदी डोंगरावरून समुद्राकडे जाते असं आपण शाळेत शिकतो. इथे समुद्राचा तळ हेच बर्फाचं माहेर होतं. उथळ समुद्र गोठला, त्यावर हिम साठत गेलं, ते तळाला टेकलं, फुगत फुगत घुमटासारखं झालं आणि चारी बाजूंना पसरू लागलं.

उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांपुढे अशी भिंत आली तर काय होईल? पेचोरा, ओब, येनिसे, सगळ्यांचं पाणी अडलं. भिंतीच्या दक्षिणेला प्रचंड सरोवरं साठली. पेचोराच्या खोऱ्यातल्या सरोवराला शास्त्रज्ञ 'कोमी सरोवर' म्हणतात. पश्चिम सायबेरियात साठलेलं सरोवर तर आजच्या कॅस्पियनपेक्षाही मोठं होतं असा हिशेब निघतो. ते काठोकाठ भरल्यावर पाण्याला दक्षिणेला एकच वाट होती, ती म्हणजे कझाकस्तानातली तुर्गाईची सखल खिंड. तिथून पाणी अरल समुद्राकडे उतरलं. आर्क्टिकच्या नद्या मध्य आशियात! हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला कल्पित वाटावं, पण त्या सरोवरांचे किनारे, वाळूचे पट्टे, लाटांनी घासलेले गोटे आजही टुंड्राच्या मैदानात चालताना पायाखाली येतात.

म्हणजे बर्फ होता, यात शंका नाही. वाद होता तो कधी होता याचा.

इथे कार्बन-14 ची पद्धत तोकडी पडते. ती साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच चालते. त्याहून जुन्या लाकडात किंवा शिंपल्यात नव्या कार्बनचा अंशभर जरी शिरला, तरी वय तीस-चाळीस हजार वर्षं असं खोटंच दिसतं. सायबेरियातल्या अनेक जुन्या हिमोढांना अशी 'तरुण' वयं चिकटली होती. ती पुसली एका दुसऱ्या पद्धतीने. वाळूचा कण गाडला गेला की आजूबाजूच्या खनिजांतल्या किरणोत्सारामुळे त्याच्या स्फटिकात हळूहळू ऊर्जा साठते. त्यावर ऊन पडलं की हा साठा रिकामा होतो. तेव्हा कोमी सरोवराच्या जुन्या काठात अपारदर्शक नळी ठोकायची, उजेड लागू न देता वाळू प्रयोगशाळेत न्यायची, अंधूक लाल दिव्यात ती उघडायची आणि कणांवर प्रकाशाचा झोत टाकायचा. कण मंद चमकतो. त्या चमकेवरून त्याने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. कोमी सरोवराच्या वाळूने शेवटचं ऊन पाहिलं होतं 80 ते 100 हजार वर्षांपूर्वी. वीस हजार वर्षांचा तिथे संबंधच नव्हता.

1990 च्या दशकात युरोपीय आणि रशियन शास्त्रज्ञांनी 'क्वीन' या नावाने ही सगळी उत्तर किनारपट्टी मिळून पिंजून काढली. 2004 साली त्यांनी जुळवलेलं चित्र असं: सगळ्यात मोठा हिमविस्तार सुमारे 1 लाख 40 हजार वर्षांपूर्वीचा. मग 90 हजार, मग 60 हजार, मग 20 हजार वर्षांपूर्वीचा. यातल्या शेवटच्या तीन खेपांत स्कँडिनेव्हियाकडचा बर्फ वाढत गेला आणि सायबेरियाकडचा आटत गेला. शेवटच्या खेपेला तर तो नोव्हाया झेम्ल्या ओलांडून कारा समुद्राच्या तळापर्यंत आला आणि तिथेच थांबला. वायव्य तैमिरचा एक कोपरा सोडला तर सायबेरियाच्या मुख्य भूमीला त्याने हात लावला नाही.

जगातल्या सर्वांत थंड प्रदेशांपैकी एकात हिमयुगाच्या ऐन भरात हिमस्तर नव्हता! याचं कारण माण-खटावच्या माणसाला फोडून सांगायला नको: पर्जन्यछाया. नुसती थंडी असून भागत नाही, हिम पडायला बाष्प लागतं. ते यायचं अटलांटिकवरून. स्कँडिनेव्हियावरचा बर्फ जसजसा उंच होत गेला, तसतसा तोच डोंगरासारखा आड आला आणि सगळं बाष्प आपल्या पश्चिम उतारावर उतरवून घेऊ लागला. पूर्वेला उरले कोरडे वारे.

आता या सगळ्यात समुद्रतळाच्या चिखलाचं काम काय? जमिनीवरचे हिमोढ बर्फाची हद्द दाखवतात, पण ही हद्द समुद्राखाली गेल्यावर दुसरा साक्षीदार लागतो. 1997 पासून पुढची काही वर्षं 'अकादेमिक बोरिस पेत्रोव' हे रशियन संशोधन जहाज जर्मन आणि रशियन शास्त्रज्ञांना घेऊन उन्हाळ्यातल्या थोड्या मोकळ्या आठवड्यांत कारा समुद्रात फिरलं. ध्वनिलहरी तळात सोडून खालचे थर पाहिले, जड नळ्या तळात रुतवून गाळाचे लांबच लांब दंडगोल वर काढले. ध्वनीच्या चित्रांत गाळाने बुजलेली जुनी नदीपात्रं दिसली. समुद्र ओसरलेला असताना या नद्या त्या कोरड्या मैदानावरून पुढे उत्तरेला वाहत होत्या, त्यांच्याच या खुणा. त्यांच्यावरून हिमस्तराचा नांगर फिरला असता तर पात्रांच्या कडा अशा शाबूत राहिल्या नसत्या.

दंडगोल डेकवर उभा चिरला की आत हिरवट राखाडी चिखल दिसतो, मधूनमधून लोहाच्या सल्फाइडचे काळे पट्टे, आणि बरेचदा सडक्या अंड्यासारखा वास. हवा लागली की काळे पट्टे बघता बघता फिके पडू लागतात, म्हणून फोटो लगेच घ्यावे लागतात. चिखलात मधेच एखादा 'पोर्टलँडिया आर्क्टिका' या इवल्या शिंपल्याचा तुकडा सापडतो. निमखाऱ्या, गढूळ, बर्फाळ पाण्यात राहणारा हा प्राणी. त्याच्या कवचाला कार्बन-14 ने वय देता येतं, आणि त्याचं तिथे असणं हीच बातमी असते की त्या वेळी नदीचं किंवा हिमनदीचं मुख जवळच होतं.

यापुढचा भाग मराठी वाचकाने सावकाश वाचावा, कारण इथे आपल्या पायाखालच्या मातीचा संबंध येतो.

ओब आणि येनिसे कारा समुद्रात जवळजवळ शेजारी शेजारी येऊन मिळतात. मग तळातल्या चिमूटभर चिखलात कुठल्या नदीचा वाटा किती हे ओळखायचं कसं? येनिसेच्या पूर्वेला पुतोराना नावाचं पठार आहे. सुमारे 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी सायबेरियात जो अवाढव्य लाव्हा वाहिला, त्याच्या थरांवर थर चढून बनलेलं. त्याचे कडे सह्याद्रीसारखेच पायऱ्यापायऱ्यांचे, खडकही तोच, बेसाल्ट. आपला दख्खनचा लाव्हा 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे वयाने बराच लहान, पण जात तीच. बेसाल्ट झिजला की त्यातून स्मेक्टाईट नावाचं चिकणमातीचं खनिज मिळतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कसदार जमिनीत हेच खनिज भरलेलं आहे. त्याच्या कणात अतिशय पातळ पापुद्रे असतात आणि पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं. पावसाळ्यात जमीन फुगते, चिखल पायाला धरून ठेवते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. काळ्या मातीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खणा असं गवंडी सांगतो, तेही या खनिजापायीच.

प्रयोगशाळेत स्मेक्टाईट ओळखायची रीत त्याच्या या फुगण्यावरच बेतलेली आहे. चिखलातले सगळ्यात बारीक कण वेगळे काढून काचपट्टीवर थापतात आणि क्ष-किरणांनी त्यांच्या पापुद्र्यांमधलं अंतर मोजतात. मग ती पट्टी इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवतात. गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये असतं तेच हे ग्लायकॉल. पुन्हा मोजलं की इलाइटसारखी दुसरी खनिजं जिथल्या तिथे असतात, स्मेक्टाईटचं अंतर मात्र फुगून 17 अँगस्ट्रॉमवर गेलेलं असतं. लपायला जागाच नाही.

येनिसेच्या गाळात हे स्मेक्टाईट भरपूर, ओबच्या गाळात त्याहून कमी. शिवाय बेसाल्टमध्ये मॅग्नेटाईट असतं, त्यामुळे येनिसेचा चिखल चुंबकाला जास्त दाद देतो. दंडगोल एका कड्यातून सरकवत नेला की दर सेंटिमीटरची चुंबकीय नोंद मिळते. या दोन खुणांच्या जोरावर कारा समुद्राच्या तळाचे थर वाचता आले. हिमयुग संपताना समुद्र दक्षिणेकडे सरकत आला आणि नदीची मुखं मागे हटत गेली. गाळ साठण्याची जागाही त्यांच्याबरोबर मागे मागे आली. शेवटी समुद्राने नदीच्या खोऱ्यातच मुसंडी मारली. आठशे किलोमीटरहून लांब असलेली ओबची खाडी ही अशी बुडालेली दरी आहे. आज बराचसा गाळ तिथे आतच राहतो.

हीच युक्ती आपल्या समुद्रातही चालते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या तळात सिंधूने आणलेला इलाइट आणि दख्खनच्या बेसाल्टमधून नर्मदा-तापीने आणलेलं स्मेक्टाईट असे वाटे गोव्याच्या शास्त्रज्ञांनी वेगळे काढलेले आहेत. इथे खडक सारखा, खनिज सारखं, तपासाची रीतही सारखी. मला या सगळ्या विषयात याहून आनंदाची गोष्ट दुसरी वाटत नाही.

पण आर्क्टिकचा चिखल एका बाबतीत आपल्या चिखलाहून भटका आहे: तो बर्फावर बसून प्रवास करतो. 'जीनेट' हे अमेरिकी जहाज 1881 च्या जूनमध्ये न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी, 1884 मध्ये, त्याच्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बर्फाच्या तराफ्यावर सापडल्या. त्यावरून फ्रिट्यॉफ नान्सेनने ताडलं की बर्फ सायबेरियाकडून ध्रुवाजवळून अटलांटिककडे वाहत जात असणार. ते सिद्ध करायला त्याने 1893 मध्ये 'फ्राम' हे मुद्दाम बांधलेलं जहाज आपण होऊन बर्फात अडकवून घेतलं. 1896 च्या ऑगस्टमध्ये ते स्पिट्सबर्गेनजवळ सुखरूप मोकळं झालं. या प्रवासात नान्सेनला बर्फावर मातीचे डाग दिसले, आणि त्याने ती मातीही गोळा केली.

ती माती बर्फात शिरते लॅप्टेव्हसारख्या उथळ समुद्रात. हिवाळ्यात वारा किनाऱ्याच्या बर्फापासून बाहेरचा बर्फ दूर लोटतो, मधे उघडं पाणी राहतं आणि ते झपाट्याने गोठू लागतं. पाण्यात सर्वत्र बर्फाच्या बारीक सुया तयार होतात. वादळाने तळचा गाळ ढवळलेला असतो. सुया तो गाळ पकडून वर आणतात आणि बर्फ मळकट होऊन जातो. दोन-तीन वर्षांनी हा बर्फ ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या सामुद्रधुनीत वितळतो आणि माती खाली पडते. त्या मातीत स्मेक्टाईट जास्त निघालं तर बर्फ कारा किंवा पश्चिम लॅप्टेव्हमधून आलेला, इलाइट जास्त असेल तर आणखी पूर्वेकडून. लाकडांचंही असंच. सायबेरियन नद्यांतून वाहून आलेले लार्च-स्प्रूसचे ओंडके पाण्यात वर्ष-दीड वर्षात बुडतात, म्हणजे स्वालबार्डला पोहोचायला त्यांना बर्फाची गाडी लागतेच. पूर्व स्वालबार्डच्या कोंग्सोया बेटावर आजच्या समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर जुने किनारे सापडतात. बॅरेंट्स समुद्रावरच्या बर्फाचं ओझं गेल्यावर दबलेली जमीन तेवढी वर आली. अशा उंचावलेल्या किनाऱ्यांवर पडलेल्या ओंडक्यांवरूनच जमीन केव्हा किती उचलली गेली याचा हिशेब मांडता आला.

आणि पूर्वेकडचं ते गवताचं मैदान? त्याची गोष्ट थोडी करुण आहे. 1811 साली याकोव सान्निकोव या शिकारी-व्यापाऱ्याने न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला जमीन दिसल्याचं सांगितलं. 1886 मध्ये बॅरन एडुआर्ड टोल या भूशास्त्रज्ञालाही ती दिसली, निदान तसं त्याला वाटलं. त्या जमिनीच्या शोधात 'झार्या' जहाजावरून तो पुन्हा गेला आणि 1902 च्या अखेरीस बेनेट बेटावरून परतताना तीन साथीदारांसह कायमचा नाहीसा झाला. ती जमीन कधीच सापडली नाही. याच टोलने त्या बेटांच्या कड्यांतला जाड बर्फ अभ्यासला होता आणि तो प्राचीन हिमस्तराचा अवशेष आहे असं मानलं होतं. प्रत्यक्षात तो बर्फ वेगळ्याच रीतीने बनलेला आहे. कडाक्याच्या थंडीत उघडी जमीन तडकते, वसंतात तड्यात पाणी शिरून गोठतं, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिथेच तडा. हजारो वर्षं हे चाललं की बर्फाच्या उभ्या पाचरी तयार होतात. जमिनीवर हिमस्तर बसलेला असेल तर हे घडूच शकत नाही. ज्याला टोल हिमस्तराचा पुरावा समजला, तो हिमस्तर नसल्याचा पुरावा होता.

तो माळ समुद्राने टप्प्याटप्प्याने गिळला. लॅप्टेव्हमधल्या गाळाच्या वयांवरून दिसतं की आज 50 मीटर खोल असलेल्या जागी समुद्र सुमारे 11 हजार वर्षांपूर्वी पोहोचला आणि आजच्या पातळीवर 5 हजार वर्षांपूर्वी. रँगेल बेटावर अडकलेले मॅमथ त्यानंतरही, सुमारे 4 हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते. समुद्राचं गिळणं अजून थांबलेलं नाही. बर्फाच्या पाचरींनी भरलेले किनारे ऊन आणि लाटा लागून वितळतात, दरवर्षी कित्येक मीटर मागे जातात. लॅप्टेव्ह समुद्राला किनाऱ्याच्या झिजेतून मिळणारा गाळ नद्यांच्या गाळाच्या दुपटीहून अधिक आहे. नकाशावर नोंदलेली सेम्योनोव्स्की आणि वासिल्येव्स्की ही दोन बेटं विसाव्या शतकात अशीच पूर्ण विरघळून गेली. सान्निकोवची जमीनही अशीच वितळली असेल का, हा प्रश्न आजही लोक गमतीने विचारतात, आणि तो अगदीच वेडगळ नाही.

आता वादाचा राहिलेला अर्धा भाग. गवतवाले जिंकले, ग्रोसवाल्द हरले असं सगळे मानून बसले होते. मग 2008 मध्ये जर्मन 'पोलारस्टर्न' आणि 2012 मध्ये कोरियन 'आराओन' ही बर्फफोडी जहाजं पूर्व सायबेरियन समुद्राच्या उत्तर कडेवर गेली. तिथे 1200 मीटर खोलीपर्यंत तळावर समांतर सरळ खाचा दिसल्या. तळाला टेकलेला जाड बर्फ सरकत गेल्याशिवाय अशा खाचा पडत नाहीत. फ्रँक निसेन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हे प्रसिद्ध केलं. पाठोपाठ लोमोनोसोव्ह पर्वतरांगेच्या पाण्याखालच्या माथ्यावरही बर्फाने घासल्याच्या खुणा पक्क्या झाल्या आणि 2016 मध्ये मार्टिन याकोब्सन यांनी मांडलं की सुमारे 1 लाख 40 हजार वर्षांपूर्वी अख्ख्या आर्क्टिक महासागरावर किलोमीटरभर जाडीचं तरंगतं छप्पर होतं. थोडक्यात, ग्रोसवाल्दांचा पांढरा नकाशा जागेच्या बाबतीत बराचसा बरोबर निघाला, चुकली होती ती तारीख. माझ्या मते यात कुणाची फजिती नाही. तळ उकरून पाहण्याआधी दोघांनीही हातातल्या पुराव्यावर जमेल तेवढं तर्कशुद्ध बोलून ठेवलं होतं.

आपल्याकडूनही लोक तिकडे जाऊ लागले आहेत. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ 2008 पासून स्वालबार्डच्या 'हिमाद्री' तळावर काम करतात. त्यांच्या समोरचा कोंग्सफियॉर्ड हा अशाच हिमस्तरांनी कोरलेला आहे.

हे सगळं घरबसल्या पाहायचं असेल तर आर्क्टिकच्या तळाचा आंतरराष्ट्रीय नकाशा इंटरनेटवर मोफत मिळतो. तो 1997 पासून तयार होतो आहे, आणि जहाजांच्या नव्या मोजण्या त्यात भरल्या जातात. मुलांना शेजारी बसवून तो उघडा. पुण्याच्या रेखांशावरून सरळ उत्तरेला जात राहिलात तर ओबची खाडी लागेल आणि गोंदियाच्या रेखांशावरून येनिसेचं मुख. तिथून आणखी वर, नोव्हाया झेम्ल्याच्या टोकाच्या पलीकडे, तळात एक रुंद खोल चर दिसेल. तो सेंट ॲना चर. सहाशे मीटर खोलीचा तो मार्ग कुठल्याही नदीने खणलेला नाही, तो बर्फाने खणला आहे.